मुठीतलं बळ

कामं आटपली का? धार काढायची राहिली असेल, तर रेडिओ गोठ्यात घेऊन जा. आजचा विषय हाताचाच आहे, त्यामुळे हात चालू ठेवून ऐकलं तरी बिघडत नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं आपण म्हणतो. आज ती मूठ जरा उघडून बघू. तिच्यात बळ कुठून येतं, ते कशानं वाढतं, कशानं कमी होतं आणि कमी झालं तर आपल्याला काय सांगून जातं, हे पाहू. हे समजावून घ्यायला मी तुम्हांला आधी लांब नेणार आहे, अमेरिकेत. तिथं बलवान माणसांचा एक मेळावा भरतो.

आपल्याकडे बलवान म्हटलं की तालीम, लाल माती आणि कुस्ती आठवते. जुन्या माणसांना छातीनं लोखंडी साखळी तोडणारे प्रोफेसर राममूर्तीही आठवतील. अमेरिकेत आणि युरोपात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असे खेळ सर्कशीत आणि जत्रेत चालत. पुढे सिनेमा आला, टीव्ही आला आणि ते खेळ मागे पडले. जुने पैलवान म्हातारे झाले. मग 1982 साली न्यूयॉर्कमध्ये सिग क्लाइन नावाच्या एका नामवंत व्यायामपटूचा ऐंशीवा वाढदिवस आला. विक बॉफ नावाच्या त्याच्या मित्रानं जुनी मंडळी गोळा केली. सगळ्यांना इतका आनंद झाला, की दरवर्षी भेटायचं ठरलं. त्यातून जुन्या काळच्या बलवानांची एक संघटनाच उभी राहिली.

या मेळाव्याची रीत मला फार आवडते. आधी सगळे एकत्र जेवतात. ज्येष्ठांचा सत्कार होतो. आणि मग खेळ सुरू होतात. खेळ कसले? कुणी सहा इंच लांब आणि पाव इंच जाड खिळा दोन हातांत धरून वाकवतो. कुणी घोड्याचा नाल पिळून सरळ करतो. कुणी पत्त्यांचा अख्खा जोड एकदम फाडतो. कुणी टेलिफोनचं जाडजूड डिरेक्टरी-पुस्तक मधून उभं फाडतो. यातल्या बहुतेक खेळांत शेवटी कामाला येतं ते मनगट, पंजा आणि बोटं. अंग केवढं आहे याला तितकी किंमत नाही.

या मंडळींमध्ये एक नाव मोठ्या मानानं घेतलं जातं. ते नाव स्लिम फार्मन. लोक त्याला ‘हातोडेवाला’ म्हणत. हा माणूस पेन्सिल्व्हेनियात दगडाच्या खाणीत कामाला होता. त्याचा खेळ असा, की प्रत्येकी साडेबारा किलोच्या आसपासचे दोन घण दांड्याच्या टोकाला धरून हात ताठ करायचे आणि मग फक्त मनगटाच्या जोरावर ते घण हळूहळू स्वतःच्या तोंडाकडे झुकवायचे आणि परत वर न्यायचे. मनगट सुटलं तर घण तोंडावर. ही ताकद त्याला कोणत्या महागड्या व्यायामशाळेत मिळाली नाही. वर्षानुवर्षं खाणीत घण चालवून त्याचा हात तयार झाला होता. त्याचा गुरू होता जोसेफ ग्रीनस्टाइन. तो पोलंडमधून अमेरिकेत गेलेला, जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा माणूस. लोक त्याला ‘माइटी अ‍ॅटम’ म्हणत, म्हणजे बलवान अणू.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कामानं तयार झालेल्या हाताला तिथं टाळ्या मिळतात. आपल्या गावातही कामानं तयार झालेले हात घरोघरी आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक बायकांचे आहेत. पण त्यांना कुणी बलवान म्हणत नाही.

आता जरा शास्त्र बघू. डाव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि उजव्या हातानं कोपराच्या खालचा भाग चाचपून बघा. तिथं काहीतरी कडक झालेलं लागतं ना? ते तुमच्या मुठीचं इंजिन. आपल्या बोटांमध्ये त्यांना वाकवणारे स्नायू नसतातच. ते स्नायू असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात आणि थोडे तळहातात. तिथून दोऱ्यांसारख्या नसा बोटांपर्यंत जातात. डॉक्टर त्यांना स्नायूबंध म्हणतात. कठपुतळीची दोरी वरून ओढली की खाली बाहुलीचा हात हलतो, तसंच हे. म्हणून दिवसभर खुरपलं की बोटांपेक्षा कोपराखाली जास्त ठणकतं.

मुठीचा खेळ करणारे लोक पकडीचे तीन प्रकार मानतात. तिन्ही तुम्ही रोज करता, फक्त त्यांना नाव दिलेलं नसतं.

पहिली, आवळायची पकड. ओली गोधडी पिळताना लागते ती. त्यासाठी या लोकांकडे स्प्रिंगचे चिमटे असतात. आपल्याकडे दुकानात मिळतात तसेच, पण भयंकर कडक. त्यातला एक प्रसिद्ध चिमटा मिटवायला सुमारे 127 किलोचा दाब लागतो. तो पहिल्यांदा मिटला 1991 साली, रिचर्ड सोरिन या माणसाच्या हातून.

दुसरी, चिमटीची पकड. एका बाजूनं अंगठा आणि दुसऱ्या बाजूनं चार बोटं. शहाबादी फरशी उभी धरून उचलताना किंवा वीट उचलताना लागते ती. इथं सगळी भिस्त अंगठ्यावर असते. मुठीच्या स्पर्धेत गुळगुळीत लोखंडी चकत्या अशा चिमटीत धरून उचलतात.

तिसरी, धरून ठेवायची पकड. पाण्यानं भरलेली बादली विहिरीपासून घरापर्यंत आणताना लागते ती. इथं एकदम जोर लावायचा नसतो, न सुटता टिकायचं असतं. या तिसऱ्या प्रकारात आपल्या बायकांचा सराव किती, हे काय मी सांगायचं?

आता एका वजनाची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या खुरप्याशी येऊन भिडते. इंग्लंडमध्ये टॉमस इंच नावाचा बलवान होता. त्याच्याकडे एक डंबेल होतं, म्हणजे मध्ये दांडा आणि दोन टोकांना लोखंडी गोळे. वजन साधारण 78 किलो. आता 78 किलो म्हणजे धान्याचं दीड पोतं. पैलवानाला ते जड नाही. पण भल्याभल्या पैलवानांना ते एका हातानं जमिनीवरून हलवता येईना. याचं कारण होतं दांडा. तो जवळजवळ सहा सेंटिमीटर जाड होता. बोटं त्याभोवती पुरती वळतच नाहीत, अंगठा बोटांना भेटत नाही, आणि वर उचलायला लागलं की गोळा बोटांतून गरकन फिरतो. खांदा, पाठ, मांड्या सगळं तयार, पण मूठच मिटत नाही, म्हणून सगळं फुकट.

यातून आपण काय घ्यायचं? अवजाराची मूठ तुमच्या हाताच्या मापाची नसेल, तर तुमची अर्धी ताकद तिथंच वाया जाते. बहुतेक अवजारं पुरुषाच्या पंजाच्या मापानं बनतात. टिकावाचा, कुऱ्हाडीचा दांडा बाईच्या हाताला जाड पडतो. उलट खुरप्याची, विळ्याची मूठ कित्येकदा फार बारीक असते. बारीक मुठीला बोटं जास्त आवळावी लागतात, आणि संध्याकाळी बोटं आखडतात. साधारण तीन ते साडेचार सेंटिमीटर जाडीची मूठ जोराच्या कामाला बरी पडते. मोजपट्टी नको. दांडा मुठीत धरा. अंगठ्याचं टोक आणि मधल्या बोटाचं टोक एकमेकांना जेमतेम भेटलं पाहिजे. फार लांब राहिलं तर दांडा जाड आहे, सुताराकडून तासून घ्या. बोटं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीसारखी कापा आणि मुठीवर ताणून घट्ट गुंडाळा. मूठ जाड होते, घामानं सरकत नाही आणि लाकडाची कूस टोचत नाही. याला खर्च जवळजवळ नाहीच.

आता खिळा वाकवणाऱ्याकडे वळू. तो खिळा उघड्या हातानं धरत नाही. खिळ्याच्या दोन्ही टोकांना चामड्याची किंवा जाड कापडाची घडी गुंडाळतो, कारण टोक तळहातात घुसलं की दुखतं, आणि दुखलं की मेंदू जोर लावू देत नाही. शिवाय खिळा जितका लांब तितका वाकवायला सोपा, आखूड तितका अवघड. पहारीनं दगड उलथताना आपण पहार टोकाला का धरतो? तेच कारण.

टेलिफोनचं पुस्तक फाडणाराही सगळी पानं एका क्षणी फाडत नाही. तो पुस्तक असं दुमडतो, की कडेची थोडी पानं आधी ताणली जातात. ती फाटली की पुढची, मग त्याच्या पुढची. पाहणाऱ्याला वाटतं एकदम फाटलं. म्हणजे ताकद हवीच, पण तिच्या जोडीला युक्ती हवी. हाताला घाम आला तर हे लोक खडूसारखी पांढरी पूड लावतात. ओला मासा धरताना हाताला राख लावणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

युक्तीचं एक आपल्या कामातलं उदाहरण देते. धार काढताना पुष्कळ जणी अंगठा दुमडतात आणि त्याच्या सांध्यावर सड दाबून ओढतात. पटापट होतं असं वाटतं, पण त्यानं जनावराच्या सडाला इजा होते आणि आपल्या अंगठ्याचा सांधा कायमचा दुखणाईत होतो. त्यापेक्षा पूर्ण मुठीनं धार काढा. सड तळहातात घ्या, वरून अंगठा आणि पहिल्या बोटानं बंद करा, मग एकेक बोट वरून खाली मिटत जा. ओढायचं नाही, दाबायचं. चारही बोटांनी काम वाटून घेतलं की एकट्या अंगठ्यावर भार येत नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळे पुरुषांचेच खेळ झाले. बायका कुठं आहेत? सांगते.

लंडनमध्ये जोन ऱ्होड्स नावाची बाई होऊन गेली. जन्म 1921, मृत्यू 2010. लहानपणी आईबाप सोडून गेले. चौदाव्या वर्षी तिनं घर सोडलं आणि पोटासाठी रस्त्यावर आली. जत्रेतल्या एका बलवान माणसाच्या टोळीत ती राहिली, त्याचे खेळ बघून शिकली आणि पुढे स्वतः रंगमंचावर आली. तिचा थाट असा, की अंगात झुळझुळीत झगा, सडपातळ बांधा, आणि हातांत लोखंडी सळई. ती सळई वाकवायची, खिळे वाकवायची, टेलिफोनची पुस्तकं टराटरा फाडायची. आइसलँडमध्ये सैनिकांसमोरच्या एका कार्यक्रमात तिनं बॉब होप या अमेरिकेतल्या नामांकित विनोदी नटाला उचललं आणि तो खाली पडला, ही गोष्ट अजून सांगतात. तिच्या आधीच्या पिढीत कॅटी सँडविना होती, सर्कशीतली. ती नवऱ्याला एका हातानं डोक्यावर उचलायची. हीच बाई 1912 साली सर्कशीतल्या इतर बायकांबरोबर मतदानाच्या हक्कासाठीही उभी राहिली.

आणि आता स्कॉटलंडची गोष्ट. तिथं डी नदीवर पोटार्क नावाच्या ठिकाणी एक जुना पूल आहे. पुलाच्या दुरुस्तीच्या वेळी पराती टांगायला वजन म्हणून दोन मोठे दगड वापरत. त्यांना वर लोखंडी कड्या बसवलेल्या. एक दगड 188 किलोचा, दुसरा 144 किलोचा. दोन्ही मिळून 332 किलो. 1860 साली डोनाल्ड डिनी नावाच्या गवंड्यानं दोन हातांत दोन दगड कडीला धरून पुलाच्या रुंदीइतकं, म्हणजे सतरा फुटांवर अंतर चालून दाखवलं. बघा, हाही कामकरी माणूस. बाप गवंडी, मुलगा गवंडी. पुढे ते दगड विस्मरणात गेले. 1953 साली डेव्हिड वेबस्टर यांनी ते पुन्हा शोधून काढले. तेव्हापासून जगभरचे बलवान तिथं ते उचलायला जातात. या दगडांची खरी परीक्षा पाठीची नसते. कडी बारीक, बोटांत रुतते, आणि एक दगड दुसऱ्यापेक्षा चव्वेचाळीस किलोनं जड. बहुतेकांची मूठच सुटते.

1979 साली जॅन टॉड या अमेरिकी बाईनं हे दगड उचलले, मनगटाला पट्टे बांधून. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले, की पट्ट्याशिवाय बाईला हे जमायचं नाही. 2018 साली स्कॉटलंडच्याच ली हॉलंड-कीन हिनं ते नुसत्या हातांनी उचलले. मध्ये एकोणचाळीस वर्षं गेली. पण झालं.

आता खरं ते खरं सांगायला हवं. सरासरीनं बघितलं तर बाईच्या मुठीचा जोर पुरुषाच्या मुठीपेक्षा बराच कमी भरतो, साधारण निम्म्याहून थोडा जास्त. हे नाकारून उपयोग नाही. पण यावरून ‘बाईच्या हाताला जोर नसतो, म्हणून तिला मजुरी कमी’ असं जे म्हणतात, ते मात्र खोटं आहे. कापूस वेचणं, कांद्याची रोपं लावणं, खुरपणं, ऊस सोलून मोळी बांधणं, यांत एका क्षणाचा जोर लागत नाही. तिथं लागतो तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थकता चालणारा हात. पोतं उचलण्याच्या मापानं वेचणीची मजुरी ठरवायची, हा कुठला हिशेब? पुढच्या वेळी मजुरीची बोलणी करताना हे शांतपणे विचारा.

आता मी विषयाच्या गाभ्याकडे येते. मुठीचा जोर हा नुसता खेळ राहिलेला नाही. डॉक्टर तो मोजतात. हातात धरून दाबायचं एक यंत्र असतं. काटा किंवा आकडा किलोत दाखवतो. मोठ्या सरकारी दवाखान्यांत, जिथं फिजिओथेरपी विभाग असतो, तिथं ते बघायला मिळेल. 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. सतरा देशांतली 35 ते 70 वयाची जवळपास एक लाख चाळीस हजार माणसं त्यात होती, आणि त्या सतरा देशांत आपला भारतही होता. सगळ्यांच्या मुठीचा जोर मोजला आणि पुढे सुमारे चार वर्षं त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं. काय दिसलं? मुठीचा जोर पाच किलोनं कमी, तर त्या काळात मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही मुठीच्या जोरावरून हा धोका जास्त चांगला ओळखता आला.

घाबरू नका, नीट समजून घ्या. मूठ कमजोर झाल्यामुळे माणूस मरतो असं यात नाही. मूठ हा आरसा आहे. सगळ्या अंगातले स्नायू झिजले, पोटात पुरेसं अन्न गेलं नाही, आत एखादा आजार वाढत असला, की ते आधी मुठीत दिसतं. म्हणून नुसता रबरी चेंडू दाबून आयुष्य वाढत नाही. आरसा पुसून चेहरा बदलत नाही, तसंच. चेहऱ्याकडे बघावं लागतं. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 साली एक माप ठरवलं. वयस्कर बाईच्या मुठीचा जोर 18 किलोपेक्षा कमी भरला, तर तिच्या स्नायूंची झीज होते आहे का हे तपासावं. आपल्या सासूबाई, आईला बरणीचं झाकण उघडेना, बादली निम्मीच भरून आणू लागल्या, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या ताटात काय पडतं ते आधी बघा. डाळ, उसळ, दूध, अंडं, शेंगदाणे यांतलं काही रोज त्यांच्या पोटात जातं का? की सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं? आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारा.

आता या बलवान लोकांकडून शिकायच्या तीन गोष्टी, ज्या आपण करत नाही.

पहिली, विश्रांती. मुठीचा कडक सराव केला की हे लोक पुढचे एक-दोन दिवस हाताला आराम देतात. स्नायू कामानं थकतो आणि आरामात वाढतो. आपल्याला दोन दिवस सुट्टी कोण देणार? मान्य. पण कामाची पाळी बदलता येते. सकाळभर खुरपलं तर दुपारी लगेच धुणं पिळायला बसू नका, मध्ये निवडटिपण घ्या. मोठी गोधडी एकटीनं पिळू नका, दोघींनी दोन टोकं धरून पिळा, किंवा न पिळता निथळायला टाका. पिळायला घरातल्या पुरुषाला बोलवा. त्याच्या मुठीचा जोर जास्त आहे ना? मग वापरू द्या की.

दुसरी, उलटा व्यायाम. मूठ मिटायचा सराव आपला दिवसभर होतो, उघडायचा कधीच नाही. हे खेळाडू पाचही बोटांभोवती रबर बँड घालून बोटं बाहेर पसरतात. भाजीच्या जुडीचं रबर चालेल. पाचही बोटांची टोकं जुळवा, रबर घाला, हळू उघडा, हळू मिटा. प्रत्येक हातानं दहा-पंधरा वेळा. टीव्ही बघतानासुद्धा होतं.

तिसरी, कातडीची निगा. घट्टा फार वाढला की तो फाटतो, म्हणून हे लोक तो घासून सपाट ठेवतात आणि रात्री तेल-मलम लावतात. आपण पायाच्या भेगांना दगड घासतो, तळहाताकडे मात्र बघत नाही. आंघोळीच्या वेळी घट्टा ओला झाला की हलकेच घासा आणि झोपताना खोबरेल लावा. फाटलेल्या तळहातातून माती-शेण आत जाऊन हात सुजतो आणि मग आठ दिवसांची मजुरी बुडते.

आणि आता काळजीच्या खुणा. रात्री झोपेत हाताला मुंग्या येतात, अंगठा, पहिली दोन बोटं बधिर होतात, हात झटकल्यावर बरं वाटतं, असं होतं का? मनगटातून जाणारी संवेदनेची नस दबली की असं होतं. हे बायकांत जास्त आढळतं. गरोदरपणी, थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर आणखी. रात्री मनगट दुमडून झोपू नका, सरळ राहील असा पट्टा मिळतो तो बांधा, आणि डॉक्टरांना दाखवा. हातातून वस्तू सुटू लागल्या, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसल्यासारखा दिसला, तर अजिबात थांबू नका. वेळेत उपचार झाले तर हात वाचतो. आणि एकाच बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा तेल चोळत बसायचं नाही. लगेच 108 ला फोन करायचा.

शेवटी गटासाठी एक खेळ सुचवते. पुढच्या बैठकीला पाच लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरून आणा. दोन हातांत दोन कॅन, हात खाली सरळ, पाठ ताठ. श्वास कोंडायचा नाही. एकीनं घड्याळ धरायचं. मूठ सैल व्हायला लागली की कॅन खाली ठेवायचे. किती वेळ झाला ते वहीत नावापुढे लिहा, तारीख घाला. तीन महिन्यांनी पुन्हा करा. गरोदर बायकांनी, नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि हात दुखत असेल त्यांनी घड्याळ धरायचं काम घ्यावं. तुलना शेजारणीशी नको, आपल्याच मागच्या आकड्याशी करा. आकडा वाढला तर आनंद. एखादीचा बराच घटला तर गटानं तिला विचारायचं, ‘बाई, बरं आहे ना? जेवतेस ना? डॉक्टरला दाखवलंस का?’

बचतीच्या वहीत आपण पैसा लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानावर हाताचं बळ लिहायला सुरुवात करा. तो पैसाही शेवटी याच हातांनी मिळवलेला आहे. आता मी थांबते. रबर बँड शोधा, खुरप्याची मूठ तपासा, आणि आज रात्री हाताला तेल लावल्याशिवाय झोपू नका.